नावे बाजू

दर गुरुवारी मी झुझुनाच्या दुकानाची वही लिहितो.
कुताइसीत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
दोन पायऱ्या खाली; दारातून वाकून शिरावं लागतं.
आत तांब्याचं घंगाळ, सुती वाती, एक तागडी,
आणि मेणबत्त्या, करंगळीहून बारीक,
चर्चमधल्या वाळूत खोचायच्या.
कुणी जिवंत माणसासाठी नेतं, कुणी गेलेल्यासाठी.
भाव दोघांना एकच.

त्याआधी तीस वर्षं मी ट्रकच्या कारखान्यात आकडे मांडले.
तिथे आकडे आधी यायचे, ट्रक मागाहून,
कधी कधी यायचेच नाहीत.
म्हणून इथलं मला जरा जड जातं.
हिची तागडी रिकामी असतानाही सरळ उभी राहते,
पासंगाला खडासुद्धा लागत नाही.

एप्रिलातल्या एका संध्याकाळी तिनं
विझलेल्या वातीचा धूर हुंगला
आणि हातातलं काम खाली ठेवलं.
"मधासारखा यायला हवा.
हा स्टोव्हसारखा येतोय."

डोंगरावरचा बेसिक, पंधरा वर्षांच्या ओळखीचा.
त्यानं मेणात पॅराफिन मिसळलं होतं.
थंडीत त्याच्या निम्म्या पेट्या मेल्या होत्या.
दारात टोपी चुरगाळत उभा राहिला.
"मग निम्मंच मेण आणायचंस,"
एवढंच म्हणाली,
आणि पुढच्या सालाची उचल त्याच्या हातात ठेवली.
मी तोंड उघडलं. मिटलं.

उरलेला माल तळघरात गेला;
वीज जाते तेव्हा त्यातली एक आम्ही लावतो.
पण तीनशे बारा विकल्या गेल्या होत्या.
"परत घेऊ," ती म्हणाली.
"जळल्यात त्या," मी म्हटलं,
"फुटकी बरणी परत घेता येते, आखूड कापड घेता येतं.
जळून गेलेलं मागणं कसं परत घेणार?"
चष्म्यावरून बघत राहिली बराच वेळ.
"ते मला नाही ठाऊक. तू नावे बाजूला लिही. तीनशे बारा."
"देणं कुणाचं म्हणून?"
"तिथं जागा सोड."

रविवारी दारापाशी टोपली घेऊन उभी राहिली,
येईल त्याला सांगत :
मी दिलेली मेणबत्ती शुद्ध नव्हती, ही घ्या.
काहींनी दोन उचलल्या.
म्हातारा ओतिया हसला, म्हणाला, माझी तर पावली,
पोरगा पोलंडहून परत आला,
तुझं पॅराफिनच चांगलं बाई!
पाद्रीबुवांनी घसा खाकरला आणि आत गेले.

मग माक्वाला आली.
बहिणीसाठी लावली होती तिनं, मार्चमध्ये, रोज एक.
बहीण गेली.
टोपलीकडे बघितलं, झुझुनाकडे बघितलं,
आणि हळूच विचारलं,
"त्यामुळे का गं?"

मी पायरीवर उभा होतो. माझ्या मनात आलं,
गप्प बसली असतीस तर?
कुणाला कळलं असतं? धुराला कुणी हुंगतं का?
या बाईच्या डोक्यात हा किडा तूच सोडलास,
तुझ्या खरेपणानं.

झुझुना काहीच बोलली नाही.
नाही म्हणाली नाही. देवाची इच्छा म्हणाली नाही.
टोपली खाली ठेवून ओल्या दगडावर बसली,
माक्वाला तिच्या शेजारी बसली.
लोक त्यांना वळसा घालून जात राहिले.
दुपार झाली.
उठताना माक्वालानं एक मेणबत्ती घेतली,
चार पावलं गेली,
परत आली, टोपलीत ठेवली.

ती अजून दुकानात आहे, तागडीमागे.
दोन उन्हाळ्यांनी तिला वाकवलंय, धूळ बसली आहे.
भाव वाढवला नाही, बेसिक यंदा निम्मंच मेण घेऊन आला,
आणि नफ्याबद्दल मला विचारू नका.
वर्षअखेरीस शिल्लक मालाची यादी करतो,
घंगाळ, वाती, मेण किलोत,
आणि तळाशी, न चुकता :
मेणबत्ती, एक. विक्रीसाठी नाही.

नावे बाजूची ती जागा मी अजून कोरी ठेवली आहे.
ताळा काही जमत नाही.
दर गुरुवारी ती वही उघडून बघते,
मान हलवते,
आणि म्हणते, बरोबर आहे.